मयताची भाकरी

सरजाबाईंनी वेशीपासूनच गळा काढला होता. "दादा रेऽ, मला न भेटताच गेलास रेऽ" करत त्या गल्लीत शिरल्या आणि भावाच्या घरासमोर येऊन पाहतात तर दादा ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते.

रडणं अर्ध्यावरच तुटलं. डोक्यावर पिठलं-भाकरीचं गाठोडं तसंच. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून बाईंनी पहाटे उठून भाकरी थापल्या होत्या.

"कोण मेलं गं?" शेषेरावांनी विचारलं.

"तूच की!" सरजाबाई मटकन खाली बसल्या. "काल सांजच्याला आमच्या शेजारणीनं तुझ्या रामलिंगला उमरीच्या स्टँडवर पाहिलं. डोकं सफाचट, मिशी न्हाई. हाक मारली तर तोंड लपवून पळाला. मंग माणसानं काय समजायचं?"

"फोन तरी लावायचा."

"असलं फोनवर इचारत असतेत का? दादा, मेलास का म्हणून?"

समोरच्या घरातून कुणीतरी खुदकन हसलं. शेषेरावांना मात्र हसू आलं नाही. बाप जिवंत असताना मुलानं मिशी उतरवायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. आणि गावात मिशीचा विषय निघाला की नाव शेषेरावांचंच निघायचं. आपला बाप गेला तेव्हा एकदाच काय ती त्यांनी उतरवली होती. रामलिंग रात्री सगळे निजल्यावर घरी आला आणि उजाडायच्या आत शाळेकडे पळाला, तो का, हे त्यांना आता कळलं. पोटच्या पोरानं जित्तेपणीच आपलं तेरावं उरकलं, असं वाटून म्हाताऱ्याचा जीव दुखावला.

"येऊ दे घरी," ते म्हणाले. "उंबरा ओलांडू देत न्हाई त्याला."

सून शिवगंगा दारात उभी होती. एरवी सासऱ्यासमोर शब्द मोजून बोलणारी. आज तिला राहवलं नाही.

"मामा, मागल्या गांधी जयंतीला शाळेच्या फेरीत गांधीबाबा झालेल्या पोराला टकलासारखी रबराची टोपी घातली व्हती, ध्यानात हाय का? पारापाशी वाऱ्यानं टोपी उडाली अन् आतून भांग पाडलेले केस निघाले. सारं गाव हसलं. तुम्ही बी हसलात. त्या दिवशी हे घरी येऊन जेवले न्हाईत. म्हणले, त्या पोराला हसले असते तर चाललं असतं, लोक गांधीबाबाला हसले. म्हणून औंदा आजच्या फेरीला स्वतःच गांधीबाबा झाले."

"मंग मला इचारायचं व्हतं."

"इचारलं असतं तर तुम्ही हाव म्हणला असता का?"

शेषेरावांनी बशी खाली ठेवली. हसलो होतो, हे खरंच होतं. चांगलं पोट धरून हसलो होतो.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी 'महात्मा गांधी की जय' ऐकू आलं. पुढं शाळेची पोरं, मागं रामलिंग. अंगाला पंचा, पायात वहाणा, हातात कुंपणातून उपसलेली वाकडी काठी. टोपी नाही, रंग नाही. खरं डोकं, आणि त्यावर सकाळचं ऊन. कुणी हसत नव्हतं. एका म्हातारीनं तर ओट्यावरूनच हात जोडले.

पण घर जवळ आलं तशी रामलिंगची मान खाली गेली. आत्या दिसली, तिच्यापुढचं गाठोडं दिसलं, आणि त्याची हनुवटी छातीला टेकली.

शेषेराव काठी टेकत ओट्यावरून उतरले. फेरी थांबली. म्हातारा हात उगारतो की काय, म्हणून फेरीसोबतचे मास्तर लगबगीनं मध्ये आले. शेषेरावांनी त्यांना बाजूला सारलं.

"रामलिंग, गांधीबाबा मान खाली घालून चालत व्हता का रे?"

"न्हाई, अण्णा."

"मंग वर कर. इंग्रजाच्या उरावर चालला व्हता त्यो, चोरी करून न्हाई."

रामलिंगनं मान वर केली. ओठावरची मिशीची जागा लहान पोरासारखी कोवळी दिसत होती. शेषेरावांनी ती नीट बघून घेतली. मग पोराच्या हातातली वाकडी काठी काढून फेकली आणि आपली, टोकाला पितळी शेंबी बसवलेली वेळूची काठी त्याला दिली.

आता काठीवाचून त्यांना स्वतःला पाऊल टाकता येईना. त्यांनी रामलिंगच्या उघड्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं मिशीला पीळ दिला. ऊर असा भरून आला होता, की काहीतरी पिळणं भागच होतं.

"चल. पारापर्यंत मी बी येतो. कुणाला हसायचं असंल त्यानं माझ्यासमोर हसावं."

पोरांनी पुन्हा जयजयकार केला. फेरी चालू लागली.

"अन् ह्या भाकरीचं काय करू रे, दादा?" सरजाबाईंनी मागून ओरडून विचारलं.

खांद्यावरचा हात न काढता शेषेराव वळले.

"झाकून ठिव. माझ्या मयताची भाकर हाय, वाया घालवू नको. फेरी झाली की मी अन् गांधीबाबा मिळून खातो."