महाकालाच्या पायाखाली

काठमांडूवाल्यांचं मला सांगू नका, आमच्या पाटणात मूर्तीवर कारागिराने नाव घालायचं नसतं. तरी आमच्या ह्यांनी महाकालाच्या आसनावर ऐटीत कोरलं, 'पुण्यरत्न शाक्य'. म्हणे, आठ महिने घाम मी गाळला, आणि लोक पाया पडणार त्याच्या!

सोन्याचा मुलामा द्यायच्या आधी मठातले लामा मूर्ती बघायला आले. नाव दिसताच भडकले. "महाकालाच्या पायाखाली हे प्रेत कशाचं, ठाऊक आहे ना? माणसाच्या अहंकाराचं! आणि तुम्ही त्याच मूर्तीवर नाव मिरवता? घासून काढा."

ह्यांनी मुकाट्याने घासलं. मला तर दयाच आली.

मूर्ती मठात बसल्यावर आम्ही दर्शनाला गेलो. बघते तर काय, नाव त्या प्रेताच्या छातीवर, बारीक अक्षरांत!

"अहो, हे काय?"

"अहंकार कुणाचा, ते नको का कळायला?"

तेवढ्यात तेच लामा आले, डोळे मिटून वाकले आणि त्यांनी नेमकं ह्यांच्या नावावर कपाळ टेकवलं.

ह्यांनी मागे उभ्या उभ्या हळूच अभयमुद्रा केली.