फळ्याचा कोपरा

आजारी प्राध्यापकांच्या जागी गणित शिकवायला तो वर्षभरासाठी कॉलेजात आला होता. ते बरे झाले की याला चंबूगबाळं आवरावं लागणार. दर सोमवारी तो मोठ्या आपुलकीने त्यांना फोन करी, तब्येत विचारी आणि ते परतण्याची शक्यता त्यांच्याच खोलीतल्या फळ्याच्या कोपऱ्यात तारखेसह मांडी. आकडा घसरला की चहा गोड लागे, आरसा नकोसा होई. एकदा प्राध्यापक काठी टेकत स्वतःच आले. फळ्यावरच्या तारखांपाशी थबकले. "सगळे सोमवारच दिसतायत." "सर, ते... मुलांसाठी उदाहरण..." "उत्तर चुकलंय पण." त्यांनी शेवटचा ०.३ अंगठ्याने पुसला आणि शून्य लिहिलं. "डॉक्टर कालच बोलले. तुम्हालाच कायम करा, असं प्राचार्यांना सांगून आलोय." त्याची मान वर होईना. दाराशी ते वळले. "सोमवारचा फोन मात्र करत जा हं. तेवढा एकच येतो."