स्पेनचे आजोबा

“बाहेर पड की रे म्हाताऱ्या, चार माणसांत जा!” देवाघरी गेलेल्या बायकोचा, इर्माचा आवाज रिकाम्या घरात अजून घुमायचा. म्हणून एलिओ आज सेगवे या दुचाकी विजेच्या गाडीवर उभा राहून, गाईड नादियाच्या मागोमाग मॉन्टेव्हिडिओ शहर बघत निघाला.

“कुठले तुम्ही, आजोबा?” नादियाने विचारलं.

“स्पेनचा,” बोलण्याची ढब बदलून त्याने ठोकून दिलं.

विसाव्याला नादियाने कडू माते-चहाने भरलेला, सुक्या भोपळ्याचा पेला त्याच्या हाती दिला. त्याने तो संपवून निमूटपणे परत केला.

ती खळखळून हसली. “पकडले गेलात! परदेशी माणूस पहिल्याच पेल्याला ‘आभारी आहे’ म्हणतो. आपल्यात त्याचा अर्थ ‘आता पुरे’. गप्प राहून दुसरा मागतो तो इथलाच! मग खोटं का बोललात?”

 

“समोरच्या गल्लीतलाच गं मी, पोरी. पण इथल्याला कोण विचारतं?”