टोपीतली लोकर

“हे बघा डोरीनबाई, मेंढपाळ पुरुषच असायचे,” नायजेलने तिसऱ्यांदा सांगितलं आणि तिच्या हातात मॉप कोंबला. “तुम्ही मोलकरीण व्हा. मॉप धरून उभं राहायचं, बस्स.”

डोरीनने मॉप परत केला आणि मेंढपाळाची खूण म्हणून टोपीत लोकरीचा पुंजका खोचला. “चाळीस वर्षं मेंढ्यांची बाळंतपणं केलीत मी. मॉप तुम्हीच धरा, शोभेल तुम्हाला.”

नाताळच्या बाजारात दरवर्षी जुन्या काळचा नोकरबाजार उभा करायची हॉक्सबी गावाला भारी हौस. चौकातल्या दगडी क्रूसापाशी गडीमाणसं ओळीने उभी राहत, आपल्या कामाची खूण अंगावर आणि कपड्यांची पेटी पायाशी. उंच टोपीतला शेतकरी एकेकाचे दंड चाचपून बघे आणि पसंत पडेल त्याच्या हातावर पेनी ठेवे. पेनी घेतली की वर्षभराची चाकरी पक्की. समितीचा प्रमुख नायजेल याने सगळ्यांना रिकाम्या पेट्या वाटल्या होत्या. डोरीनची पेटी मात्र घरची होती, पत्र्याची, दोरीने आवळलेली. शेजाऱ्याने ती सकाळीच गाडीतून आणून ठेवली होती.

तिची खरी चाकरी सप्टेंबरात गेली. मालकाने शेत विकलं आणि शेताबरोबर तिची खोलीही. नववर्षाच्या आत ती रिकामी करायची होती. डोरीनने अकरा ठिकाणी काम विचारलं. त्रेसष्ट हा आकडा ऐकला की लोक चहा विचारत, काम देत नसत.

शेतकरी झालेला गावचा खाटीक तिच्यापुढे थांबला. “काय आजी, मेंढ्या राखणार की त्यांचे स्वेटर विणणार?”

लोक खो खो हसले. डोरीनचे कान तापले, पण ती जागची हलली नाही.

तेवढ्यात शेजारच्या येशूजन्माच्या देखाव्यात त्याहून मोठा हशा पिकला. एक मेंढी उताणी पडली होती, चारही पाय वर. लोक फोटो काढत होते. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. अंगभर लोकर असलेली मेंढी उताणी पडली की बऱ्याचदा आपली आपण उठत नाही, पोट फुगून मरते. मेंढ्यांची मालकीण हॅना, पंचविशीची पोरगी, हातातला चहा टाकून गर्दीतून वाट काढत होती.

डोरीन तिच्या आधी पोचली. कुंपण ओलांडून तिने लोकरीत बोटं रुतवली, एका झटक्यात मेंढीला पायांवर आणलं आणि पायांची थरथर थांबेपर्यंत गुडघ्यांत धरून ठेवलं. मग ओळीत आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

हॅना मागोमाग आलीच. बापाच्या पायाचं ऑपरेशन झालंय, तीनशे मेंढ्या मार्चमध्ये विणार आहेत आणि करणारी ती एकटी, हे तिने एका दमात सांगून टाकलं. मग खिशातून एक पौंडाचं नाणं काढून पुढे धरलं.

डोरीनने हात पुढे केला नाही. जुन्या गड्यांसारखं तिने आधी विचारलं, “जेवण कसंय तुमच्याकडे?”

“आईच्या हातचं. पोटभर.”

“आणि खोली?”

“तबेल्याच्या वर. शेगडी आहे. थोडा वास येतो.”

“वासाचं मला सांगू नकोस,” म्हणत डोरीनने नाणं मुठीत घेतलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात नायजेलच्या. “काय वठवलंत, बाई! क्षणभर खरंच वाटलं!” समितीच्या गाडीत टाकायला म्हणून तो तिची पेटी उचलायला गेला. पेटी तसूभरही हलली नाही.

“अहो, दगड भरलेत की काय यात?”

“कपडे, बूट, किटली.” डोरीनने दुसऱ्या बाजूची कडी धरली. “ही हॅनाच्या गाडीत ठेवू. जुन्या खोलीची किल्ली मी सकाळीच परत देऊन आलेय.”