पिवळी फीत

मालिकाप्रेमींच्या त्या मेळ्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती, पण सगळ्यात लांब रांग होती ती विसरकक्षाबाहेर. 'तांबडा चंद्र' ही मालिका आठवणीतून पुसून घ्यायची आणि घरी जाऊन पुन्हा पहिल्यांदा बघायची, एवढ्यासाठी लोक सकाळपासून ताटकळत होते. बाहेर पडणाऱ्याच्या मनगटावर पिवळी फीत बांधत. पिवळ्या फितीसमोर शेवट बोलायचा नाही, हा चाहत्यांचा दंडकच होता.

मृण्मयीचा नंबर आला तेव्हा आतल्या बाईंनी विचारलं, "शेवटचा भाग कुठे पाहिलात? त्या आठवणीला चिकटलेलं बाकीचंही निघून जातं. घरात आजारपण, मयत असलं काही असेल, तर आम्ही हात लावत नाही."

"घरीच पाहिला. मजेत," मृण्मयी म्हणाली. नवऱ्याकडे, श्रीरंगकडे, तिने बघितलंच नाही.

तो भाग तिने हॉस्पिटलात, वडिलांच्या खाटेशेजारी बसून पाहिला होता. भाग संपायच्या आत अप्पा गेले. तेव्हापासून ती धड झोपली नव्हती. श्रीरंगने तिची पर्स सांभाळायला घेतली आणि तो बाहेर जाऊन थांबला.

ती बाहेर आली ती हसतच.

"अरे, अप्पांना फोन लाव ना! म्हणावं, आजपासून रोज एक भाग, सगळे मिळून बघू."

श्रीरंगचा हात खिशातल्या फोनवर थिजला. तेवढ्यात मालिकेतल्यासारखं चंदेरी चिलखत घातलेली एक अनोळखी पोरगी शेजारून चालली होती. तिने मृण्मयीची फीत पाहिली, श्रीरंगचा चेहरा पाहिला, आणि ओठांवर बोट ठेवून त्याला दटावलं,

"काका, शेवट सांगायचा नाही हं!"