तेवीस दाते

कपलिंग या वेळीही बसलं नाही.

तिने ते शाफ्टच्या तोंडाशी सरळ धरलं, दाबलं, जरा फिरवून पुन्हा दाबलं. दात्यात दाता जाईना. मग फडक्याने हात पुसत ती नुसतीच उभी राहिली.

"नाही?" खुर्चीतून बाबांनी विचारलं.

"नाही. तिसरं आहे हे, बाबा."

"टर्नरला म्हणावं, चष्मा बदल. नाहीतर धंदा बदल." झटका येऊन गेल्यापासून बाबांचे शब्द जिभेला अडखळत बाहेर येत, पण टोमणा अजून नेमका बसे. "दे फोन. मीच बोलतो."

फोनवर ते ओरडले, "एकवीस! एकवीस दाते! लिहून घे आता!"

बाबांनी चाळीस वर्षं लोकांचे गिअरबॉक्स उघडले होते. झटक्याने त्यांची डावी बाजू नेली, आणि डाव्या पायाबरोबर क्लचही गेला. शेडमधला त्यांचा जुना फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक धूळ खात पडला. दोन महिन्यांनी तिचा नवरा ऑफिसमध्ये खुर्चीतच गेला. ती पोहोचली तेव्हा त्याच्यावर चादर ओढलेली होती. एक बॅग घेऊन ती बाबांकडे आली. शाळेतून तिने बिनपगारी रजा घेतली. बाबांना कोणीतरी हवंच होतं.

पहिले तीन आठवडे दोघं समोरासमोर बसून राहिली. मग एका सकाळी बाबा म्हणाले, "ट्रकला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवू. क्लचची कटकटच नको. एकदा, फक्त एकदा, घाट चढून वर जायचंय मला. स्वतः चालवत."

डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढचा झटका आला तर तो शेवटचा. तेव्हा तिने मनाशी गाठ बांधली. नवऱ्यासाठी तिला घोटभर पाणीसुद्धा देता आलं नव्हतं. हे मात्र ती करणार होती.

हात तिचे आणि डोकं बाबांचं. चेनपुलीला लटकवून तिने जुना गिअरबॉक्स उतरवला, भंगारवाल्याकडून आणलेला ऑटोमॅटिक चढवला. क्लचचं पेडल कापून काढलं. आता गाडं अडलं होतं ते मुठीएवढ्या कपलिंगपाशी. चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी नव्या गिअरबॉक्सला जोडायची, तर टर्नरने लेथवर कातून दिलेलं मधलं कपलिंग दोन्हीकडे चपखल बसायला हवं. पेटीच्या शाफ्टचे दाते बाबांनी अंगठ्याने मोजले होते. त्यांनी मोजलेलं पुन्हा मोजायचं, हे तिच्या मनातही आलं नाही.

ती टर्नरकडे गेली आणि तिसरं कपलिंग त्याच्या लेथवर आदळलं.

"काका, तुम्ही त्यांचे मित्र ना? त्यांच्याकडे दिवस किती उरलेत, माहीत आहे तुम्हाला?"

टर्नर मान खाली घालून उभा राहिला. "चुकलं माझं."

"दर वेळी चुकतंच कसं?"

"वय झालं, बाई. दुसरं करतो. चार दिवस दे."

"चार दिवस आहेत कुणाकडे!"

त्याने तिसरं कपलिंग उचलून भंगारात टाकलं.

घरी येऊन ती रागारागात जेवली. ती दुसऱ्यांदा वाढून घेत असताना बाबा बघत होते.

"मास्तरीणबाई, माझ्या वाटचं ठेवा थोडं."

"तुम्हाला चेष्टा सुचतेय. मला सकाळी सहाला उठून ती पेटी पुन्हा साफ करायचीय."

"कर की. आणि तेलाचा पाइप गळतोय, तोही बघ."

परगावी असलेल्या दादाचा फोन आला. तो म्हणाला, "तू तिथे आहेस म्हणून बाबा टिकलेत." तिला ते पटलं. नट-बोल्ट कसता कसता बाबांना आपणच धरून ठेवलंय, असं तिलाही वाटायला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा खुर्चीतून कलले.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "शुद्ध येते-जाते. आजचा दिवस, फार तर उद्याचा." दादा निघाला होता. बाबांच्या उशाशी शेजारीण बसली आणि ती तडक शेडमध्ये आली. घाट नाही तर नाही. ट्रक हॉस्पिटलच्या दारापर्यंत आणायचा, त्यांना उचलून स्टिअरिंगमागे बसवायचं. दहा पावलं चालवला तरी पुरे.

पहिल्यांदाच तिने शाफ्टचे दाते स्वतः मोजले. एका दात्यावर खडूची खूण केली आणि बोट फिरवत नेलं. तेवीस. पुन्हा मोजले. तेवीसच. आधीची नाकारलेली दोन कपलिंगं मोजली. एकवीस, एकवीस.

टर्नर कधीच चुकला नव्हता. चाळीस वर्षांत ज्यांचा एक दाता चुकला नाही, त्या बाबांनाच मोजता येईनासं झालं होतं, आणि ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.

ती धावत टर्नरकडे गेली.

"काका, तेवीसचं करा! आत्ताच्या आत्ता! बाबांचं मोजायला चुकलं. त्यांचं डोकं चालेनासं झालंय, काका. मी उगाच तुम्हाला बोलले."

टर्नरने लेथ बंद केलं. हात पुसले. मग त्याने खालचा खण ओढला आणि तेलकट कागदाची पुडी तिच्या हातात ठेवली. आत तयार कपलिंग होतं. तिने बोट फिरवून मोजलं. तेवीस.

"हे कधी केलंत?"

"पहिल्याच आठवड्यात. त्याने तेवीसच सांगितलं होतं." टर्नरने खण आत ढकलला. "पण तुला द्यायचं नाही म्हणाला. म्हणाला, मला कुठे गाडी चालवायचीय? पोरगी जगायचं सोडून आलीय माझ्याकडे. रोज सकाळी उठायला तिला काहीतरी अडलेलं पाहिजे."