ऐंशी किलोची पोरगी

"ऐंशी किलो," साहेबांनी माझ्या नावापुढं लिहिलं. "ताकद कमी आहे."

निवडीच्या त्या दिवशी वजनाचा बार मी पहिल्यांदाच हातात धरला होता. आमच्या तालमीत लोखंड चालत नाही. अंग आखडतं म्हणून वस्ताद ते दारातसुद्धा येऊ देत नाहीत.

"साहेब, एक कुस्ती तरी लावून बघा," मी म्हटलं.

"कुस्तीचं नंतर बघू."

अक्षदानं एकशे वीस उचलले आणि प्रशिक्षण केंद्रात तिची निवड झाली. मला तिच्या सरावासाठी ठेवून घेतलं. रोज सकाळी मी तिला चितपट करायची आणि ती उठून म्हणायची, "ताई, परत."

काल साहेब बघायला आले. प्रशिक्षक हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "आज तेवढी पड. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

अक्षदानं नेहमीसारखी मान पुढं आणली. माझा हात आपोआप डावाला गेला. मी तो मागं घेतला आणि पाठ टेकवली. अक्षदा माझ्याकडं बघेना.

साहेबांनी मात्र टाळ्या वाजवल्या. "मी त्याच दिवशी म्हटलं नव्हतं? हिच्यात ताकद कमी आहे."